खदानीतला मासा

आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक कोनाडा आहे. त्या कोनाड्यात गेली बारा-तेरा वर्षे एक मासा आहे. हाताच्या पंजाएवढा काळा दगड, आणि त्याच्या मधोमध दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली पांढरी आकृती. तिच्यात काट्यांसारख्या बारीक, पांढऱ्याशुभ्र रेघा पसरलेल्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावाजवळच्या खदानीत दगड फोडायला जात. तिथून त्यांनी तो आणला, तेव्हा मी पहिलीत होते. माय दर सोमवारी देवांबरोबर त्यालाही हळदकुंकू लावते. पाहुणा आला की कोनाड्याकडे बोट दाखवून मी सांगत असे, "हा दगडात सापडलेला मासा." ज्या गावात चैत्र-वैशाखात पिण्याचे पाणी टँकरने येते, त्या गावातल्या दगडात मासा निघावा याचे मला फार अप्रूप वाटे.

गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला सरांनी जीवाश्मांचा विषय काढला. प्राणी मेला, गाळात गाडला गेला, त्यावर थरांवर थर साचले, आणि लाखो वर्षांनी हाडांच्या जागी दगड उरला. ऐकता ऐकता माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. वर्गात सहसा मी तोंड उघडत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. काही चुकीचे बोलले तर हसे होईल ही धास्ती सतत असते. पण त्या दिवशी मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, आमच्या घरी असा मासा आहे."

दुसऱ्या दिवशी फडक्यात गुंडाळून मी तो घेऊन आले. सरांनी तो खिडकीपाशी नेला. खिशातून भिंग काढले. बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. मग शांतपणे म्हणाले, "दगड फार सुंदर आहे. पण हा मासा नाही."

मागच्या बाकांवर हसू फुटले. माझे कान तापले. सर पुढे बरेच काही सांगत होते, पण मला त्या क्षणी फक्त आमचा कोनाडा दिसत होता. आता अण्णांना काय सांगायचे?

तास संपल्यावर सरांनी मला थांबवून घेतले आणि सगळे पुन्हा समजावून सांगितले. ते असे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग, आणि आपला जालना जिल्हा तर जवळजवळ सगळाच, काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त शिलारस बाहेर आला आणि एकावर एक थर देत पसरला. आजही हा खडक सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरांवर आहे. वितळलेल्या दगडात मासा कसा टिकेल? तो क्षणात जळून जाईल. मात्र शिलारस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. रस वाहत असेल तर ते बुडबुडे लांबट, बदामासारखे होतात. पुढे पाणी झिरपते, आणि त्यातले क्षार या पोकळीत स्फटिक होऊन बसतात. आमच्या माशाच्या पोटातल्या पांढऱ्या सुया हे स्कोलेसाइट नावाचे खनिज. झिओलाइट या मोठ्या कुळातले. हे कुळाचे नाव 1756 साली क्रॉन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने दिले. असा दगड तापवला की आतल्या पाण्यामुळे तो उकळल्यासारखा फसफसतो, म्हणून ग्रीक भाषेत 'उकळणारा दगड'. आपण मात्र सगळ्यांना सरसकट गारगोट्या म्हणून मोकळे होतो. सिन्नरला 'गारगोटी' याच नावाचे संग्रहालय आहे. तिथे महाराष्ट्राच्या खदानींतले असे स्फटिक काचेच्या कपाटांत ठेवलेले आहेत.

"मग आपल्याकडे दगडात मासा कधीच सापडत नाही?" मी विचारले.

सर म्हणाले, "सापडतो. पण कुठे शोधायचा ते आधी कळले पाहिजे."

शिलारसाचे सगळे थर एका दिवसात आलेले नाहीत. दोन थरांच्या मधे कधी हजारो वर्षे गेली. तेवढ्या अवधीत कुठे तळी झाली, झाडे वाढली, गोगलगाई आणि मासे नांदले. मग पुन्हा शिलारस आला आणि ते सारे झाकून गेला. या मधल्या थरांना आंतर-ट्रॅपी थर म्हणतात. काही ठिकाणी शिलारसाच्याही आधीचे, अगदी तळाचे थर उघडे पडले आहेत. त्यांना जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून लमेटा थर हे नाव मिळाले. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला डोंगरगाव आहे. तिथल्या लमेटा थरांतल्या माशांचे वर्णन आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी 1908 साली प्रसिद्ध केले. त्यातला एक मासा चकचकीत, चौकटी खवल्यांचा. त्याच्या कुळातले मासे आज अमेरिकेच्या नद्यांत राहतात आणि त्यांना इंग्रजीत 'गार' म्हणतात. आपली गार म्हणजे दगड आणि त्यांची गार म्हणजे मासा, हे ऐकून इतक्या वेळानंतर मला पहिल्यांदा हसू आले.

वुडवर्डनी त्यांपैकी एका माशाच्या नावात हिस्लॉप हे नाव गुंफले. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडहून 1845 साली नागपूरला आलेले मिशनरी. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. 1851 साली नागपूरजवळच्या टाकळीला ते आपले सहकारी हंटर यांच्याबरोबर फिरायला गेले असता त्यांना खडकात जीवाश्म दिसले. मग शंख, बिया, फळे, कीटकांच्या पंखांची कवचे असे कितीतरी त्यांनी जमवले. शिकलेला व्यवसाय धर्मोपदेशकाचा, पण दगड दिसला की पाऊल थांबायचे.

"आणि त्यांचा शेवट ऐक," सर म्हणाले. "4 सप्टेंबर 1863. टाकळघाटजवळची प्राचीन दगडी वर्तुळे पाहायला गेले होते. परतताना घोड्यावरून एकटेच निघाले. ओढ्याला पूर आलेला. घोडा मुक्कामी परत आला. हिस्लॉप आले नाहीत."

हे वाक्य ऐकले आणि मला एकदम आमच्या खदानीचे पाणी दिसले.

मी सातवीत होते. खदान तेव्हा बंद पडून तीन-चार वर्षे झाली होती आणि खड्ड्यात पाणी साचून त्याचे तळे झाले होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, माझ्या वर्गातला एक मुलगा बैल धुवायला तिकडे गेला. उन्हे कलल्यावर बैल आपले आपण गावात आले. अंग ओले, गळ्यात घुंगरे. लोक आधी म्हणाले, पोरगं मागून येत असेल. दिवे लागले तरी तो आला नाही. त्या वर्षी आमच्या आळीत बैलांना कुणी झूल घातली नाही. तेव्हापासून अण्णांचा हुकूम होता, खदानीकडे पाऊल टाकायचे नाही. मी तो कधी मोडला नव्हता.

आणि सरांनी आता नेमके तेच विचारले. "हा दगड खदानीत कुठे सापडला? कुठल्या थरात? किती खोल?" मला माहीत नव्हते. सर म्हणाले, "जागा ठाऊक नसलेला दगड म्हणजे पत्ता नसलेले पत्र." त्यांनी पिसदुऱ्याचे उदाहरण दिले. डोंगरगावप्रमाणेच पिसदुराही चंद्रपूर जिल्ह्यातले. तिथे डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. कुणी कपाटात ठेवायला एखादा गोळा उचलून नेला असता तर तो नुसता गोळाच राहिला असता. पण जागा आणि थर नोंदवलेल्या गोळ्यांचा अभ्यास झाला, आणि 2005 साली त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. डायनोसॉरच्या काळात गवत होते हे जगाला त्या शेणगोळ्यांनी सांगितले.

घरी आले. दोन दिवस काहीच बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना धीर करून म्हणाले, "अण्णा, सर म्हणतात तो मासा नाही."

अण्णांनी घास खाली ठेवला. मला वाटले, आता रागावतील. ते म्हणाले, "मला तव्हाच माहीत व्हतं."

मी पाहतच राहिले.

"माशाचा काटा मधल्या कण्यातून दोन्ही अंगाला फुटत असतो. हे काटे तर एका ठिपक्यातून निघालेत. कणा कुठंय? पण तूच मासा मासा म्हणून घरभर नाचलीस. मग म्हणलं, असू दे मासा."

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मासा नाही तर नाही. शेंदूर लावायच्या आधी देव तरी कुठं देवावाणी दिसतो?" तिच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. हळदकुंकू आजही चालू आहे.

माझा विषय मात्र संपला नव्हता. जागा दाखवायला चला, असे मी अण्णांना म्हटले. ते एकदम गप्प झाले. अण्णांचा डावा डोळा त्या खदानीत गेला आहे. घण मारताना दगडाची कपची उडाली आणि डोळ्यात बसली. चष्मा कुणी दिला नव्हता, मागायचा असतो हेही ठाऊक नव्हते. नंतर वर्षभरात खदान बंद पडली. आता ते मोसंबीच्या बागेत रोजाने जातात. त्या वाटेने ते परत कधी गेले नव्हते. आठ दिवस मी विषय काढला नाही. मग एका रात्री ते आपण होऊन म्हणाले, "होळी झाल्यावर पाणी उतरतं. तव्हा जाऊ."

सरांनी सूचनांचा कागदच लिहून दिला. ग्रामपंचायतीत विचारून जायचे. एकटे जायचे नाही. किती वाजता परतणार ते घरी सांगून ठेवायचे. पायात बूट, डोक्याला शिरस्त्राण. हातोडी चालवताना डोळ्यांवर चष्मा. पावसाळ्यात आणि पावसानंतर लगेच जायचे नाही. मी चुलतभावाचे मोटारसायकलचे हेल्मेट घेतले आणि वेल्डिंगच्या दुकानातून घासकामाचा पारदर्शक चष्मा मागून आणला. अण्णांनी तो चष्मा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि मला परत दिला. "आधी डोळ्याला लाव, मंग हातोडी उचल," एवढेच म्हणाले.

खदान कुठे आहे ते मी येथे लिहीत नाही. लहान मुले वाचून तिकडे जाऊ नयेत, हे त्याचे कारण आहे.

मला वाटले होते आम्ही थेट खाली उतरू. अण्णा उतरलेच नाहीत. कडेपासून दहा-बारा पावले अंतर राखून त्यांनी अख्ख्या खदानीला प्रदक्षिणा घातली. समोरच्या भिंतीकडे एका डोळ्याने टक लावून पाहत राहिले. मग म्हणाले, "तो काळा डाग बघ. बाकीचा दगड उन्हापावसानं तांबूस पडलाय, तेवढाच निळाकाळा हाये. म्हंजे तिथला कडा आत्ताच सुटला. त्याच्या खाली जायचं नाही." दुसरीकडे भिंत पोटात खोल गेली होती आणि वर दगड छपरासारखा आला होता. "तिथं सावली चांगली पडते. पण माणूस तिथंच दबतो."

गाड्यांच्या जुन्या वाटेने आम्ही खाली गेलो. भिंतीत पहारीच्या जाडीची सरळ भोके दिसत होती. मी सहज त्यात काडी घालायला गेले, तोच अण्णा ओरडले. मला आठवते तसे ते माझ्यावर एवढे कधीच ओरडले नव्हते. ती सुरुंगाची भोके. एखादा सुरुंग न उडता तसाच राहून जातो आणि वर्षांनंतरही त्यात तोटा असू शकतो. तिथे काडी नाही, पहार नाही, हातोडी तर नाहीच. वायरचा तुकडा दिसला तरी हात लावायचा नाही. मागे फिरायचे आणि पोलिसपाटलाला सांगायचे. पाण्याच्या काठाशीही त्यांनी मला जाऊ दिले नाही. नदी हळूहळू खोल होते, खदान एका पावलात खोल होते. तिच्या काठाला धरायला झाडाचे मूळ नसते, आणि ओल्या दगडावर हात ठरत नाही. मला तो मुलगा आठवला. अण्णांनाही आठवला असावा. आम्ही दोघेही त्याचे नाव बोललो नाही.

मग भिंतीपासून लांब उभे राहून अण्णांनी मला खदान वाचून दाखवली. मला दुसरा शब्द सुचत नाही. वर काळी माती. तिच्या खाली मुरूम. मग घट्ट काळा पाषाण, ज्याची खडी चांगली होते. त्याखाली वीतभर जाडीचा लाल पट्टा, भाजलेल्या विटेसारखा. आणि लालाच्या खाली विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो छिद्राछिद्रांचा दगड, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला. "लाल सोडून खाली दोन हात. त्या कोपऱ्यात. तिथून निघाला तुझा मासा."

मी वहीत आकृती काढली. प्रत्येक थर किती जाड ते अण्णा हातांनी सांगत, मी फुटांत लिही. ती वही नंतर सरांनी पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लाल पट्टा म्हणजे दोन शिलारसांच्या मधला विसावा. त्या अवधीत जमीन उघडी पडून कुजली आणि वरच्या रसाने भाजली. त्या वेळी इथे तळे असते तर खरा मासा याच पट्ट्यात मिळाला असता. तुझे वडील त्याच्यापासून दोन हातांवर होते."

आमच्या खदानीत तळ्याचा गाळ नाही, शंख नाहीत. म्हणून मासाही नाही. पण कुठे असा थर दिसलाच, पानांसारखा सुटणारा, शंखांचा, तर काय करायचे तेही मी विचारून घेतले आहे. भिंत फोडायची नाही; दूर पडलेल्या ढिगातलाच दगड पाहायचा. मासा दिसला तर जागेवर कोरत बसायचे नाही, भोवतीच्या दगडासकट उचलायचा. दगड उकलून दोन फाळ्या झाल्या तर दोन्ही जपायच्या, कारण अर्धा मासा एकीवर असतो आणि त्याचा ठसा दुसरीवर. तुटलेल्या कडेला बाजारातला डिंक फासायचा नाही. कागदात गुंडाळून क्रमांक घालायचा आणि त्याच जागी वहीत नोंद करायची; घरी जाऊन लिहू म्हटले की विसरते. वेगळे काही वाटले तर विद्यापीठातल्या किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या जाणत्या माणसाला कळवायचे, आणि उरलेले त्याच्यासाठी जिथल्या तिथे ठेवायचे. सगळेच उचलून आणले तर मागून येणाऱ्याने काय वाचावे?

त्या दिवशी मी ढिगातून एकच तुकडा घेतला. तोही हातोडी न मारता. ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी आम्ही घरी पोचलो. माय दारातच उभी होती. तिने आधी आम्हा दोघांकडे पाहिले, दगडाकडे नंतर.

त्या रात्री मी पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी लिहिली. काय आहे: स्कोलेसाइटने भरलेली बेसाल्टातली पोकळी. कुठे सापडली: गाव, तालुका, जिल्हा जालना, लाल थराच्या खाली सुमारे तीन फूट. तिसऱ्या ओळीत 'कोणाला सापडली' असे लिहिले आणि लेखणी अण्णांच्या हातात दिली. त्यांना सही येते, तेवढीच येते. त्यांनी आधी हात धोतराला पुसले. मग एकेक अक्षर जोडत, मजुरीच्या हजेरीपत्रकावर करत असत तशी सही केली. हजेरीपत्रकावर ती कशासाठी होती हे त्यांना नेहमीच माहीत होते असे नाही. या वेळी मी त्यांना तिन्ही ओळी वाचून दाखवल्या.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "फकस्त तीन फूट नको लिहू. दोन हात लिही. माझ्या हातानं मोजलंय."

मी कंसात तेही लिहिले. चिठ्ठी आता कोनाड्यात दगडाखाली आहे. सोमवारी हळदकुंकू लावताना माय ती आधी बाजूला काढून ठेवते, डाग पडू नये म्हणून.